जाम न होणारा चौक

"तुम्ही गेम बनवता म्हणजे नक्की काय करता?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता समोरच्याने नुसतं तोंड उघडलं तरी अंदाज येतो. कोडिंग करता का? नाही. चित्रं काढता का? नाही. म्युझिक? अहो, मला आरतीला टाळी धरता येत नाही. मग समोरचा माणूस माझ्या बायकोकडे बघतो, आणि मंदा अगदी शांतपणे सांगते, "ते आयडिया देतात." ती हे ज्या सुरात सांगते तो सूर छापता आला असता, तर संपादकांना माझ्याकडून एवढा मोठा लेख मागवायची गरजच पडली नसती.

संपादक म्हणाले, अनुभव लिहा, या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना उपयोग होईल. उपयोगाचं माझ्याकडे फारसं काही नाही. एक गेम केला. तो पडला, आणि पडताना एका चांगल्या मुलीची दोन वर्षं घेऊन पडला. तेच लिहितो.

आधी धंदा समजावून सांगतो. लहानपणी आपण सगळेच लगोरी खेळलोय. चेंडू लागला की बाद, पण लगोर रचून झाली की सुटका, हे कधीतरी कुणीतरी ठरवलं असणार. त्या माणसाने चेंडू शिवला नसेल, दगडही घडवले नसतील, पण खेळ त्याचाच. त्याला आजच्या भाषेत गेम डिझायनर म्हणतात. मोठ्या कंपन्यांत ही वेगळी पोस्ट असते. इंडी गेम म्हणजे मागे कुठलीही कंपनी नाही, दोनचार माणसांनी स्वतःच्या हिमतीवर केलेला गेम. तिथे नुसते नियम घेऊन आलेल्या माणसाला कुणी उभं करत नाही, कारण कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यातही स्वतःच्या दहा आयडिया असतात. त्याने तुमची अकरावी का घ्यावी? हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

माझी मूळ नोकरी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. सव्वीस वर्षं. त्यातली शेवटची अठरा फिक्स्चरच्या कामात. फिक्स्चर म्हणजे पार्ट पकडून ठेवणारा लोखंडी साचा म्हणा. माझं काम होतं पोका-योके. शब्द जपानी आहे, पण आमच्याकडे परभणीहून काल उतरलेला माणूसही पहिल्या आठवड्यात तो शिकतो. अर्थ एवढाच, की चूक करायची म्हटली तरी करता येऊ नये. डावा ब्रॅकेट उजवीकडे बसतोय? एक पिन ठोका, बसणारच नाही. ऑपरेटर बोल्ट विसरतो? पुढचं मशीन चालूच होऊ देऊ नका. माणूस थकलेला असो, घरी भांडून आलेला असो, पार्ट बरोबरच निघाला पाहिजे. यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. खोटा विनय कशाला? ऑडिटवाले माझ्या लाइनवर यायचे आणि चहा पिऊन जायचे.

त्याला कारणही होतं. सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे पत्रा दाबायची एक प्रेस होती. दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबली तरच ती खाली यायची, म्हणजे हात आत राहायला नको. एका ऑपरेटरने कंटाळून एका बटणाला लाकडी पाचर मारली होती. मला ती दिसली होती. शिफ्ट संपताना बघू म्हणालो. शिफ्ट संपायच्या आत त्याची दोन बोटं गेली. तो अजून भेटतो, डावा हात वर करून राम राम घालतो. तेव्हापासून मला कुठेही उघडी राहिलेली फट बघवत नाही.

पुढे आमची लाइन दुसऱ्या राज्यात हलली आणि आम्ही काहीजणांनी व्हीआरएस घेतली. एक्कावन्नाव्या वर्षी मी घरी. कुरुळीत आमचं भाड्याचं घर. नोकरीतली कितीतरी वर्षं माझी चाकणच्या तळेगाव चौकात गेली होती, कंपनीच्या बसमध्ये अडकून, मोबाइलवर गेम खेळत. तिथेच डोक्यात आलं होतं, की या चौकाचाच गेम का नाही? खेळणारा म्हणजे शिट्टी घेऊन मधोमध उभा राहिलेला ट्रॅफिकवाला. चारी बाजूंनी कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, टेम्पो, दुचाक्या. शिफ्ट सुटायची वेळ. कुणाला सोडायचं आणि कुणाला अडवायचं, ते तुम्ही ठरवा.

आधी स्वतःच कोडिंग शिकायला बसलो. तीन महिने व्हिडिओ बघितले. तीन महिन्यांनी माझ्याकडे एक निळा चौकोन होता. तो डावीकडून उजवीकडे जायचा आणि पडद्याबाहेर निघून जायचा. त्याला परत कसं आणायचं ते काही केल्या जमेना. मंदा म्हणाली, "गेला तर जाऊ द्या की. त्याच्या मागं किती दिवस लागायलाव?"

मग कळलं, की हिंजवडीत एका ऑफिसात महिन्यातून एका रविवारी गेम बनवणारी मंडळी जमतात. गेलो. सोबत चौऱ्याऐंशी पानांची स्पायरल बाइंडिंग केलेली फाइल, आणि स्टॅम्प पेपर. हो, स्टॅम्प पेपर! आयडिया चोरीला जाऊ नये म्हणून मी चाकणहून करारनामाच टाइप करून नेला होता. ज्याला आयडिया ऐकायची त्याने आधी सही करायची. वीस-बावीस तरुण मंडळी आणि मी एकटा बुशशर्ट खोचलेला. तिघांना विचारलं. एक म्हणाला, "काका, आयडियाला कुणी हात पण लावत नाही हो." दुसरा हसून चहा घ्यायला गेला तो परत आलाच नाही.

"द्या, मी करते सही," असं मागून कुणीतरी म्हणालं. ती सायली. तिशीच्या आतबाहेरची, चष्मा, पाठीला लॅपटॉपची बॅग. तिने स्टॅम्प पेपरवर झोकात सही केली आणि म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला स्टॅम्पवर गेम सांगतंय. सांगा काका."

सायली मारुंजीला मैत्रिणीबरोबर भाड्याने राहायची आणि हिंजवडीत बँकांचं सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करायची. त्या नोकरीला ती विटली होती. बेंगळुरूच्या एका गेम स्टुडिओत जायचं तिच्या मनात होतं, पण तिथे विचारतात, तुम्ही पूर्ण केलेला एक गेम दाखवा. कोड तिला येत होता, गेम नव्हता. माझ्याकडे गेम होता, कोड नव्हता. पहिल्याच दिवशी तिने स्पष्ट सांगितलं, "काका, माझ्याकडे फक्त रविवार आहेत. ते मी देते. पण याच्यावर मला नोकरी बदलायचीय, हे लक्षात ठेवा." मी म्हणालो, ठेवतो.

तिने माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. म्हणाली, आधी पुठ्ठ्यावर खेळून बघू. आमच्या घरमालकांच्या ओट्यावर एका रविवारी आम्ही खोक्याचं झाकण मांडलं. स्केचपेनने रस्ते, काड्यापेट्या म्हणजे कंटेनर, साबणाची खोकी म्हणजे बसेस, आणि हरभऱ्याचे दाणे म्हणजे दुचाक्या. खेळायला कंपनीतले चौघे जुने सोबती आणि घरमालक अण्णा. अण्णा इथले मूळचे, जमिनी कंपन्यांत गेल्या, आता खोल्यांच्या भाड्यावर निवांत.

पाच मिनिटांत अण्णांनी आपला टेम्पो उलट्या बाजूने घातला. मी म्हणालो, अण्णा, असं चालत नाही. अण्णा म्हणाले, "का न्हाई? आमचं गाव हाय, आमी कुठनं बी जाऊ!" मग बाकीचे गप्प बसतात होय? एकाने दोन कंटेनरच्या मधून मूठभर हरभरे घुसवले. एकाने माझी शिट्टी हिसकावली. चौक असा काही जाम झाला की पुठ्ठा दिसेना, आणि ही पन्नाशीची माणसं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. अण्णांनी त्या गोंधळात चार दुचाक्या खाऊन टाकल्या. सायली फोनवर सगळं टिपत होती आणि मला सारखी कोपराने ढोसत होती. "काका, हाच गेम आहे! बघताय ना? हेच पाहिजे!"

मी बघत होतो. पण माझ्या हातात डायरी होती आणि मी चुका मोजत होतो. एकतीस निघाल्या.

पुढची दोन वर्षं म्हणजे त्या एकतीस चुका. दर रविवारी मी कुरुळीहून नाशिक फाटा, वाकड करत मारुंजीला जायचो. तिच्या बिल्डिंगखाली एक चहाचं हॉटेल होतं, तिथे कोपऱ्यातलं टेबल आमचं. कंपनीत चूक सापडली की तिची एनसी काढतात, म्हणजे कागदावर रकाने: दोष काय, मूळ कारण काय, उपाय काय, कधीपर्यंत. मी तसे कागद छापूनच न्यायचो. उलट्या बाजूने गाडी जाते, उपाय: जाऊ देऊ नये. दोन गाड्या एकाच जागी येतात, उपाय: दुसरी आपोआप थांबावी. खेळणारा चुकीच्या बाजूला हात दाखवतो, उपाय: ते बटणच दाबलं जाऊ नये. सुरुवातीला सायली हसायची, "आलं का काकांचं वॉरंट!" नंतर नुसती हात पुढे करून कागद घ्यायची. पण काम चोख. पुढच्या रविवारी ती फट बुजलेली असायची, आणि मला काय समाधान व्हायचं राव! अठरा वर्षं जे लोखंडात केलं ते आता पडद्यावर होत होतं.

एकदा तिने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "काका, एक बोलू? जाम होऊ द्या ना."

"म्हणजे?"

"चौक जाम झाला की लोक ओरडतात, हसतात, परत खेळतात. आपण सगळ्या जागा बुजवल्यात. खेळणाऱ्याला चुकायला कुठे मिळतंय?"

मी तिला प्रेसची गोष्ट सांगितली. पाचर, दोन बोटं, सगळं. सांगताना माझा आवाज चढला असणार, कारण हॉटेलवाला वळून बघायला लागला. सायलीने लॅपटॉप उघडला आणि पुढची एनसी घेतली. वाद मी जिंकलो. त्या दिवशी मला त्यात काही गैर वाटलं नाही, हेच आता सोसत नाही.

त्यातच एक गिऱ्हाईक आलं. गावातल्या एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता. "भाऊंचा वाढदिवस आहे, मोबाइलवर गेम पाहिजे. भाऊ धावतात, नारळ फोडतात, उद्घाटनं करतात. फक्त भाऊ हरले नाय पाहिजेत." आमच्याच गेमचा सांगाडा वापरून सायलीने तो दोन रविवारांत उरकला. कार्यकर्ता खूश. मला वाटलं, बघा, न हरणारा गेम लोकांना आवडतो! त्या माणसाला गेम नको होता, हलणारा फ्लेक्स पाहिजे होता, हे कळायला अक्कल लागते.

अण्णांनाही लॅपटॉपवर खेळवलं. त्यांनी हौसेने टेम्पो घेतला आणि सवयीने उलटा घातला. टेम्पो जाईना. परत घातला, जाईना. अण्णांनी चष्मा काढला. "ह्यो आपला चौक न्हाई. कुठला परदेशातला हाय," म्हणाले आणि उठून गुरांकडे गेले. घरी आल्यावर मी मंदाला म्हणालो, म्हाताऱ्याला कॉम्प्युटर जमत नाही. मंदा भाकरी थापत होती. वळलीसुद्धा नाही. "त्यांचं सोडा. त्या लेकराचे रविवार कशाला खायलाव तुम्ही? तिला बी आई-बाप असतील, मैत्रिणी असतील." मी म्हणालो, तुला यातलं काही कळत नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी दरवेळी चुकीच्या वेळीच बोललोय.

मग पुण्यात एका कॉलेजच्या हॉलमध्ये इंडी गेमचं प्रदर्शन लागलं. सायलीने तिथे टेबल मिळवलं, रजा टाकली. त्या बेंगळुरूच्या स्टुडिओच्या एक बाई येणार होत्या, सायलीचं त्यांच्याशी मेलवर बोलणंही झालं होतं. टेबलावर बोर्ड लावायचा होता. तिने लिहिलं होतं, रचना: माझं नाव, प्रोग्रॅमिंग: तिचं नाव. मी मोठ्या मनाने तो बदलून घेतला आणि दोन्हीकडे दोघांची नावं घातली. म्हटलं, पोरीने एवढं केलंय, रचनेतही तिचं नाव पाहिजे.

सकाळपासून लोक येत होते. बसायचे, चार मिनिटं खेळायचे, "छान आहे" म्हणून उठायचे. शेजारच्या टेबलावर दोन कॉलेजच्या पोरांचा एक ओबडधोबड गेम होता. त्यात म्हैस पळवायची आणि ती दर वेळी विहिरीत पडायची. तिथे रांग हटत नव्हती. म्हैस पडली की अख्खा हॉल ओरडायचा.

दुपारी त्या बाई आल्या. सायली खुर्चीच्या मागे उभी, दोन्ही हात घट्ट धरून. बाई नीट खेळल्या. गाड्या सुरळीत गेल्या, सगळ्याच गेल्या. बाईंनी मुद्दाम वेडीवाकडी बटणं दाबली, तरी गेल्या. त्यांनी मान वर करून हिंदीत विचारलं, "यात हरतात कसं?"

मी छाती काढून सांगितलं, "हरताच येत नाही, मॅडम. मी तसा बनवलाच नाही."

बाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत. सायलीने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. मला त्याच क्षणी कळलं, की आपण काय केलंय. दोन वर्षं कळलं नाही आणि एका वाक्यात कळलं. शेजारी म्हैस विहिरीत पडली आणि लोक ओरडले.

दोन आठवड्यांनी मेल आला. सायलीने चहाच्या हॉटेलात तो मला वाचून दाखवला. कोड नीटनेटका आहे, मेहनत दिसते, पण गेमच्या रचनेची समज अजून कच्ची वाटते, शुभेच्छा. मी म्हणालो, "पण रचना तर माझी आहे!"

"बोर्डावर दोघांची नावं होती, काका."

ती चिडली असती, चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. तिने चहा संपवला. मी विचारलं, तो पहिल्या महिन्यातला गेम आहे का कुठे, सगळ्या फटी असलेला? म्हणाली, "आहे ना, सगळं जपून ठेवलंय. एका कमांडवर परत येईल." मला एकदम हुरूप आला. मग आणूया की, म्हणालो. तिने बॅगेतून पेन ड्राइव्ह काढून माझ्यासमोर ठेवला. "यात आहे. तुम्ही आणा. मी आता रविवारी झोपते." तो पेन ड्राइव्ह कपाटात आहे. लावून बघितला, नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात.

आता जे लिहितो ते सायलीलाही माहीत नाही. त्या बाईंना खरं काय ते कळवायचं मी ठरवलं होतं. तीन ओळी: रचना सर्वस्वी माझी, या मुलीने मला दोनदा बजावलं होतं, मी ऐकलं नाही. लिहायला आठवडा लागला. लिहून झाल्यावर वाचलं आणि पाठवलं नाही. का? कारण मग मीच माझ्या हाताने लिहून दिलं असतं, की याला रचना कळत नाही. कोड येत नाही, चित्र येत नाही, आणि तेही नाही. मग माझ्याकडे उरलं काय? सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी दुसऱ्याच्या माथी आपली चूक कधी मारली नव्हती. ती मी इथे मारली, आणि तीसुद्धा गप्प बसून. सायली अजून हिंजवडीतच आहे, बँकांचं सॉफ्टवेअर तपासते.

गेल्या महिन्यात आळंदीहून एक माणूस आला. चाळिशीचा, रिक्षा चालवतो, बगलेत फाइल. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की कुरुळीत एक काका गेम बनवतात. बसायच्या आधी त्याने दाराकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "आयडिया बाहेर तर नाही ना जायची?" मला हसू आलं, आणि माझा स्टॅम्प पेपर आठवला. त्याची आयडिया अशी: तुम्ही रिक्षावाले. प्रवासी बसतो, पण त्याला खरं कुठे जायचंय ते सांगत नाही. त्याच्या बोलण्यावरून ओळखायचं. चुकलात तर तो मधेच उतरून जातो आणि त्याची गोष्ट तुम्हाला कधीच पुरी कळत नाही.

मी त्याला सगळं सांगितलं, इथे लिहिलंय त्याहून जास्त. म्हणालो, बाबा, स्वतः शीक. एक चौकोन हलव, पण तू हलव. दुसऱ्याच्या रविवारांवर गेम बांधू नकोस. त्याने मनापासून ऐकलं, दोनदा मान डोलावली, फाइल आवरली. चपला घालता घालता म्हणाला, "काका, त्या सायली मॅडमचा नंबर मिळेल का?"

नाही म्हणालो. इतक्या जोरात, की मंदा आतून बाहेर आली. तो बिचारा ओशाळून निघून गेला.

तो गेल्यावर मी फोन उचलला आणि सायलीला लावला. माफी मागायला लावला, असं लिहिलं असतं तर शोभलं असतं. पण त्या माणसाची आयडिया फार चांगली होती, आणि ती तिला सांगितल्याशिवाय मला राहवेना. रिंग शेवटपर्यंत वाजली. रविवार होता. तिने उचलला नाही, बरं केलं.